जुन्या पैशांची फरशी: नाणी आणि इपॉक्सी वापरून बाथरूमची जमीन कशी करावी

नाण्यांच्या फरशीत सगळ्यांचं लक्ष नाण्यांकडे जातं. फरशी टिकते ती मात्र नाण्यांखालच्या आणि भोवतीच्या गोष्टींवर: कोब्यात (फरशीखालच्या थरात) ओल आहे का, ढाळ किती आहे, इपॉक्सी रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं पारदर्शक द्रव, ओतल्यावर नाण्याखालची हवा कुठून बाहेर पडणार आहे. नाणी चिकटवणं वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. बहुतेक फरश्या बिघडतात त्या ढाळाचा आणि ओलीचा विचार आधी न केल्यामुळे. त्यामुळे या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

आधी कायदा, मग नाणी

परदेशातल्या घरांत चलनातली नाणी सर्रास फरशीत घातलेली दिसतात. आपल्याकडे तसं करता येत नाही. नाणे अधिनियम, २०११ च्या कलम १२ नुसार चलनातलं नाणं वितळवायला, नष्ट करायला आणि देवघेव सोडून दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एक, दोन, पाच, दहा, वीस रुपयांची नाणी त्यामुळे बाद. ५० पैशाचं नाणंही बाद, कारण दुकानदार घेत नसले तरी ते अजून कायदेशीर चलन आहे.

२५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून कायदेशीर चलन राहिलेली नाहीत. आपल्या कामाला हीच घ्यायची. गेंड्याचं चित्र असलेली स्टीलची चाराणी (२५ पैसे), दहा पैशाची छोटी स्टीलची नाणी, ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे, षटकोनी वीस पैसे, लहरी काठाचे दहा पैसे, पितळी वीस पैसे, असे बरेच प्रकार आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे आणि नाण्यांच्या व्यापाऱ्यांकडे ती मिळतात. वजनावर घेणं परवडतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी, म्हणजे शिवराई किंवा एकोणिसाव्या शतकातले तांब्याचे पैसे, हाती लागले तर ते बाजूला ठेवा. कायद्याने ती पुरावस्तू आहेत आणि रेझिनमध्ये गेलेलं नाणं परत मिळत नाही.

दोन गोष्टी घरात आधीच बोलून घ्याव्यात. पैसा म्हणजे लक्ष्मी, ती पायाखाली आणि तीही बाथरूममध्ये, हे अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना पटत नाही. तसं असेल तर हेच काम बेसिनच्या ओट्यावर किंवा बेसिनमागच्या भिंतीवर करता येतं. किंवा नाण्यांऐवजी पितळी वॉशर आणि चकत्या घ्याव्यात, पुण्याच्या बोहरी आळीत त्या हव्या त्या मापात मिळतात. दुसरी गोष्ट राजमुद्रेची. नाण्यावरचे अशोकस्तंभाचे सिंह पायदळी येऊ नयेत म्हणून ती बाजू खाली करा. चाराणीच्या एका बाजूला सिंह आणि आकडा, तर दुसऱ्या बाजूला नुसता गेंडा आहे, त्यामुळे गेंडा वर ठेवला की प्रश्न मिटतो. दहा आणि पाच पैशांत आकड्याची बाजू वर घ्या.

फरशी कुठे करावी आणि कुठे नाही

आपल्या बाथरूमची जमीन नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतरती असते, साधारण मीटरला १० ते १२ मिलिमीटर. ओतायचं इपॉक्सी स्वतःहून समपातळीत येतं, आणि तीच अडचण आहे. उतारावर ओतलेलं रेझिन जाळीच्या बाजूला जाऊन साचतं, वरच्या टोकाची नाणी उघडी पडतात, आणि जो ढाळ काढायला मिस्त्रीने मेहनत घेतली तो नाहीसा होतो. मग प्रत्येक आंघोळीनंतर पाणी फरशीवर तळं करून बसतं.

उष्णता हाही मुद्दा आहे. बाजारातली बरीच पारदर्शक रेझिन्स ४५ ते ५५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. गीझरचं कढत पाणी भरलेली स्टीलची बादली त्यावर ठेवली की कड्याचा गोल ठसा उमटतो आणि तो जात नाही.

आमचं स्पष्ट मत असं आहे की जाड काचेसारखा थर ओतायचा असेल तर तो कोरड्या भागातच ओतावा, म्हणजे बेसिन आणि कमोडची बाजू, किंवा पाहुण्यांसाठीचं शॉवर नसलेलं टॉयलेट. तिथली जमीन समपातळीत असते किंवा करून घेता येते. बादली घेऊन जिथे आंघोळ होते तिथे हवीच असेल तर पद्धत बदलावी लागते. तिथे फक्त स्टीलची नाणी घ्या, दोन नाण्यांत २ ते ३ मिमी फट ठेवा, ढाळावरच इपॉक्सीच्या चिकटपदार्थात ती बसवा आणि फटी इपॉक्सी ग्राऊटने नाण्याच्या पृष्ठभागापर्यंत भरा. वर ओतीव थर द्यायचा नाही. अशी जमीन काचेसारखी चकाकत नाही, पण पाणी उतरतं आणि उठावाच्या नक्षीमुळे पाय घसरत नाही. पुढची सगळी कृती कोरड्या भागाची आहे.

हिशेब

उदाहरणाला ३ फूट बाय ४ फूट, म्हणजे १२ चौरस फूट जमीन घेऊ. चाराणीचा व्यास १९ मिमी. एक ओळ सोडून एक ओळ अर्ध्या नाण्याने सरकवून मांडली की एका चौरस फुटात सुमारे २९७ नाणी बसतात. सरळ रेषेत, एकाखाली एक मांडली तर २५७. सरकवलेली मांडणी घ्यावी, कारण तिच्यात जमिनीचा साधारण ९ टक्केच भाग मोकळा राहतो, सरळ मांडणीत २१ टक्के.

भिंती क्वचितच गुण्यात (काटकोनात) असतात. नाणी थेट भिंतीपर्यंत नेली तर एका टोकाला पूर्ण नाणं आणि दुसऱ्या टोकाला पाचर असं दिसतं, आणि नाणी कापत बसणं हा वेडेपणा आहे. चारही बाजूंना ३५ ते ४० मिमीचा गडद रंगाचा काठ सोडा. वाकडेपणा त्या काठात लपतो. काठ सोडल्यावर सुमारे ३,१०० नाणी लागतात. चाराणी जेमतेम पावणेतीन-तीन ग्रॅमची, म्हणजे किलोत साधारण ३५०. झिजलेली, वाकलेली, गंजाचे डाग पडलेली बाजूला काढायची असल्याने १० किलो घ्या.

रेझिनचं गणित सोपं आहे: १ चौरस मीटरवर १ मिमी थर म्हणजे १ लिटर, आणि लिटरभर रेझिनचं वजन सुमारे १.१ किलो. आपली जमीन १.११ चौरस मीटर. प्रायमर २५० ग्रॅम, नाण्यांखालची १ मिमीची गादी सुमारे १ किलो, काठ भरायला ४०० ग्रॅम, फटी बंद करायचा पहिला हात ४०० ग्रॅम, आणि वरचा २ मिमीचा ओतीव थर अडीच किलो. बेरीज साडेचार किलोच्या पुढे जाते, भांड्याला चिकटून वाया जाणारं धरून ५ किलोचा संच घ्यावा. वरून द्यायच्या पॉलीयुरेथेनचे (संरक्षक पारदर्शक कोटिंगचे) दोन हात २५० ग्रॅममध्ये होतात.

रेझिन घेताना जमिनीच्या किंवा टेबलटॉपच्या कोटिंगचं मागा. नदीच्या आकाराची टेबलं करायला जे जाड ओतायचं रेझिन मिळतं ते पातळ थरात नीट तापत नाही, म्हणून दिवसेंदिवस मऊ राहतं. दागिने आणि ट्रे करायचं झटपट सुकणारं रेझिन एवढ्या क्षेत्रफळावर पसरेपर्यंत घट्ट होतं. दुकानदाराकडे माहितीपत्रक मागून त्यात तीन आकडे बघा: मिश्रणाचं प्रमाण, भांड्यात टिकण्याची वेळ, आणि किती अंशांपर्यंत उष्णता सोसतं.

जमीन

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

पुण्यातल्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो, त्यावर वॉटरप्रूफिंग, विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग मसाला आणि फरशी. वॉटरप्रूफिंग कमजोर असेल तर कोबा कायम ओला राहतो. वरून इपॉक्सीने तोंड बंद केल्यावर ती ओल वर यायला बघते, रेझिनला खालून फुगे येतात, नाण्यांभोवती पांढुरके ढग दिसू लागतात. म्हणून ट्रॅप असेल तर तो बंद करून जमिनीवर इंचभर पाणी ४८ तास ठेवा आणि खालच्या मजल्यावरचं छत बघून या. तिथे ओल दिसली तर सजावटीचा विचार सोडून आधी गळती दुरुस्त करा. सोसायटीला कळवून काम काढणंही बरं, कारण पुढे खालच्या घरात डाग पडला तर पहिला संशय तुमच्याच कामावर येतो.

पाणी काढून, आठवडाभर वाळू दिल्यावर दुसरी चाचणी. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि पुढच्या दिवसापर्यंत तसाच राहू द्या. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आत दव असेल किंवा खालचा सांधा गडद झाला असेल, तर अजून थांबा. नवीन कोबा असेल तर किमान २८ दिवस जाऊ द्यावे लागतात.

जुनी फरशी काढायलाच हवी असं नाही. प्रत्येक टाइलवर चावीने टकटक करा, पोकळ आवाज आला ती काढून पुन्हा बसवा. उरलेल्यांची चकाकी ग्राइंडरला डायमंड कप लावून किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण मारायची. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळी होऊन न राहता पसरला म्हणजे खरवड पुरेशी झाली. सांधे इपॉक्सी ग्राऊटने भरा. पाणसळ ठेवून बघा, १ मीटरमध्ये २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर इपॉक्सीत सिलिका वाळू मिसळून खोलगट भाग भरून घ्या. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी इथे चालत नाही, ती सुटते.

नंतर धूळ व्हॅक्यूमने ओढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्रायमर लावा. प्रायमरमध्ये काळा किंवा गडद करडा रंग मिसळा. नाण्यांमधली ९ टक्के फट याच रंगाची दिसणार आहे, आणि गडद रंगावर स्टील उठून दिसतं. पांढऱ्या जमिनीवर तीच नाणी मळकट वाटतात.

याच टप्प्यावर भिंतीच्या कडेने ३ मिमी जाडीची फोमची पट्टी उभी चिकटवा, दारात ग्रॅनाइटची किंवा ॲल्युमिनियमची अडपट्टी बसवा, पाइपांना मास्किंग टेप गुंडाळा. सगळे थर मिळून जमीन सुमारे ५ मिमी वर येते. दार अडत असेल तर आत्ताच खालून रंधून घ्या. जमिनीवरचा कमोड काढून खालूनच नाणी न्यावीत, कारण त्याच्याभोवती नाणी कोरत नेली की तोंडाशी कायम फट राहते आणि पाणी तिथूनच शिरतं.

नाणी निवडणं आणि धुणं

वजनावर घेतलेल्या ढिगात सगळं मिसळलेलं असतं. लोहचुंबक फिरवा. स्टीलची चाराणी, दहा पैसे आणि स्टीलची ५० पैशांची नाणी चटकन उडी मारून चिकटतात, ॲल्युमिनियम आणि निकेल-तांब्याची जुनी चाराणी जागेवरच राहतात. चुंबकाला लागलेल्यांतून ५० पैसे आकडा बघून वेगळे काढा, जुने ५० पैसे २२ मिमी व्यासाचे, चाराणीपेक्षा ठळकपणे मोठे. एका पत्र्याला १९ मिमीचं भोक पाडून चाळणी केली तर ही मोठी नाणी भराभर वेगळी होतात. निकेल-तांब्याची चाराणीही १९ मिमीचीच आहे, रंग किंचित पिवळसर. ती जागोजाग पेरली तर छान दिसते.

धुण्याची रीत धातूवर अवलंबून आहे. स्टील कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून अर्धा तास भिजवा आणि ब्रशने घासा. तांबं, पितळ, कासं असेल तर पितांबरी किंवा चिंच-मीठ चालतं, पण नंतर तीन-चार पाण्यांतून काढा. आंबट अंश राहिला की रेझिनखाली हिरवा डाग धरतो. ॲल्युमिनियमला चिंच, लिंबू, धुण्याचा सोडा यातलं काहीही लावू नका, ते काळवंडतं. शेवटचं पाणी आरओचं घ्या. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा क्षार नाण्यावर सुकला की पांढरा पापुद्रा राहतो, आणि रेझिनखाली तो भिंगातून पाहिल्यासारखा ठळक दिसतो.

पूर्ण वाळल्यावर अल्कोहोलने पुसून डब्यात बंद करा. इथून पुढे नाण्याला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. बोटाचं तेल जिथे लागतं तिथे रेझिन धरत नाही आणि तिथेच नाणं सुटतं.

तक्ते तयार करणं

बाथरूमच्या जमिनीवर गुडघे टेकून तीन हजार नाणी लावण्यापेक्षा टेबलावर बसून तक्ते करणं कितीतरी सोयीचं आहे. भिंतीच्या भेगांना लावतात ती फायबरग्लासची जाळी घ्या. प्लायवर प्लॅस्टिक कागद, त्यावर जाळी, आणि दोन बाजूंना गुण्यात ठोकलेल्या लाकडी पट्ट्या.

एका तक्त्यात १६ नाण्यांच्या १८ ओळी ठेवा, म्हणजे २८८ नाणी, माप साधारण ३०४ बाय ३०० मिमी. ओळींची संख्या सम ठेवायची. १८ ओळींनंतर येणारी एकोणिसावी ओळ पहिल्या ओळीसारखीच सुरू होते, त्यामुळे सगळे तक्ते एकसारखे होतात आणि एकात एक दातेरी बसतात. सतरा ओळी केल्या तर प्रत्येक जोडावर नक्षी तुटते. काठालगतचे तक्ते जागेच्या मापाने छोटे करा, ओळींची समता तिथेही जपा.

प्रत्येक नाण्याखाली झटपट सुकणाऱ्या इपॉक्सीचा मुगाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. सुपरग्लू वापरू नये, त्याची वाफ बाजूच्या नाण्यांवर पांढरी झाक सोडते. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक ओलीने मऊ पडतो. सिलिकॉन तर या खोलीत शेवटच्या दिवसापर्यंत आणूच नका. त्याचा अंश जिथे लागला तिथून रेझिन मागे सरतं आणि गोल खड्डे पडतात.

तक्ते एक दिवस वाळू द्या आणि जमिनीवर कोरडे मांडून बघा. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे मांडत गेलं की काठ दोन्ही बाजूंना सारखा उरतो. क्रमांक टाकून उचला.

बसवणं आणि फटी बंद करणं

प्रायमर २४ तासांच्या आत असेल तर थेट बसवता येतं, उशीर झाला तर १२० नंबरने हलकं घासून घ्या. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून मिसळा आणि त्यात फ्यूम्ड सिलिका (मिश्रण घट्ट करणारी बारीक भुकटी) घाला, पट्टीवर धरल्यावर ओघळणार नाही इतपत. सिलिका हलकी असते, श्वासात जाते, म्हणून मास्क लावूनच पुडी उघडा. एका वेळी दोन-तीन तक्त्यांपुरतंच मिश्रण करावं. ३ मिमी दात्यांच्या पट्टीने पसरा, तक्ता ठेवा, वर सपाट फळी ठेवून हाताने दाबा. नाण्यांच्या फटींतून थोडं मिश्रण वर आलं म्हणजे खाली पोकळी राहिलेली नाही. जास्त आलेलं लगेच अल्कोहोलच्या फडक्याने पुसून काढा, सुकल्यावर ते नाण्यावर धुरकट दिसतं. चाराणीची कड जिथे दुसऱ्या कडेवर चढली असेल तिथे बोटाने बसवा. एक वर आलेलं नाणं २ मिमी थराला भोक पाडायला पुरेसं आहे.

काठात त्याच दिवशी काळं रंगीत घट्ट मिश्रण नाण्यांच्या पातळीपर्यंत भरा.

दुसऱ्या दिवशी फटी बंद करायचा हात. हा टप्पा लोक वाचवायला बघतात आणि फरशी इथेच बिघडते. नाण्याच्या कडेशी, उठावाच्या खोबणीत, जाळीच्या दोऱ्याभोवती हवा अडकलेली असते. थेट २ मिमी रेझिन ओतलं तर ती हवा तासाभराने एकेक बुडबुडा होऊन वर यायला लागते. तोवर रेझिन मधासारखं झालेलं असतं, बुडबुडा अर्ध्यावर अडकतो आणि गेंड्याच्या डोक्यावर कायमचा मोती होऊन बसतो. म्हणून आधी साधं पातळ रेझिन ब्रशने आणि रबरी पट्टीने फटींत रेटून भरायचं, वर जेमतेम पापुद्रा ठेवायचा. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) ६ ते ८ इंचांवरून फिरवा, बुडबुडे फुटलेले दिसतील. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा.

ओतीव थर

दिवस निवडणं हा या कामाचा भाग आहे. जून ते सप्टेंबर पुण्यात हे काम काढू नये. दमट हवेत हार्डनर बाष्पाशी संयोग पावतो आणि वर मेणचट थर येतो, रेझिन दुधाळ दिसतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० ते १२ अंशांवर जातो, तेव्हा ते जागच्या जागी थबकतं. मे महिन्यात भांड्यातच उकळायला लागतं. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे दिवस बरे. खोलीत २२ ते ३० अंश आणि जमीन दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश उबदार असावी. सकाळी दहाच्या सुमारास सुरू केलं की घट्ट होण्याचे पहिले सहा तास दिवसाच्या उबेत जातात.

पहिला हात गेल्यापासून २४ तास उलटले असतील तर २२० नंबरने घासा. वर तेलकट थर जाणवला तर आधी कोमट पाण्याने धुऊन, वाळवून मग घासा. नुसतं घासलं तर तो थर खोबणींत जाऊन बसतो.

गॅस गीझर बाथरूममध्येच असेल तर सिलिंडरपासून बंद करा, अल्कोहोलची वाफ पेट घेते. व्हेंटिलेटरला मच्छरदाणीचं कापड लावा. नायट्रिल मोजे घाला आणि लांब बाह्यांचा शर्ट. हार्डनर कातडीला वारंवार लागला की ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती आयुष्यभर राहते.

अडीच किलो एकदम मिसळू नका. भांड्यात जितकं जास्त रेझिन तितकी उष्णता जास्त, आणि मोठं भांडं दहा-पंधरा मिनिटांत धुरायला लागतं. ८०० ग्रॅमचे तीन घाणे करा, एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने पुढचा घाणा ढवळायचा. प्रमाण डब्यावर वजनाने दिलं असेल तर वजनाने, मापाने दिलं असेल तर मापाने. २:१ मापाचं रेझिन वजनाने २:१ होत नाही, कारण हार्डनर हलका असतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते कायम चिकट राहतं. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडा, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून आणखी मिनिटभर ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं, ते खरवडून जमिनीवर ओतलं की तेवढाच पट्टा चिकट राहतो.

आतल्या भिंतीपासून दाराकडे रुंद धारेने ओता, दात्यांच्या पट्टीने पसरवा, बाकी ते स्वतः समपातळीत येतं. दहा मिनिटांनी हीट गन, पंचवीस मिनिटांनी परत. एका जागी थांबू नका, रेझिन पिवळं पडतं. दिवा आणि एक्झॉस्ट बंद करा, दार लावून घ्या. दिव्याकडे आलेले किडे आणि पंख्याने ओढलेली धूळ हेच या टप्प्यावरचे शत्रू.

२४ तासांनी हाताला कोरडं लागतं, ७२ तासांनी मोजे घालून चालता येतं. पाणी मात्र सात दिवस अजिबात नको, थंडीत दहा.

वरचा हात आणि पुढची निगा

नुसतं इपॉक्सी ओलं झालं की घसरडं होतं, आणि उन्हाने पिवळं पडतं. घरात म्हातारी माणसं असतील तर इथे तडजोड नको. ७२ तासांनी ३२० नंबरने पूर्ण जमीन मंद करून दोन घटकांच्या ॲलिफॅटिक पॉलीयुरेथेनचे दोन पातळ हात रोलरने द्या. दुसऱ्या हातात काचेच्या बारीक मण्यांची किंवा पॉलिमरची घसरणरोधक भुकटी मिसळा. चकाकी आणि स्वच्छपणा थोडा कमी होतो, नाणी तरीही छान दिसतात. चालताना पाऊल पकडतं, हे जास्त मोलाचं. पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे कापडी मास्क न चालता सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि खिडकी उघडी हवी.

हे वाळल्यावर फोमची पट्टी काढा आणि ती फट न्यूट्रल सिलिकॉनने भरा. कमोड याच वेळी परत बसवा, त्याच्या तळाची फटही बंद करा. पाणी कडेनेच आत शिरतं. वेगवेगळ्या धातूंची नाणी शेजारी असतील तर आत गेलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम भराभर झिजतं आणि पांढरी भुकटी दिसायला लागते.

रोजच्या सफाईला साधं साबणपाणी. टॉयलेट क्लीनर, ॲसिड आणि तारेची घासणी या जमिनीवर येऊ देऊ नका, मोलकरणीलाही हे आधीच सांगून ठेवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर वापर झाला की वायपरने पाणी ओढून घ्या. क्षार एकदा घट्ट बसला की तो काढताना वरचा हात ओरबाडला जातो. जमीन मंद दिसायला लागली तर ३२० नंबरने घासून पॉलीयुरेथेनचा एक नवा हात दिला की पुरतं, नाण्यांपर्यंत जावं लागत नाही.

एखादी जड वस्तू पडून टवका उडाला तर तेवढाच भाग ८० नंबरने घासून उतरत्या कडेची वाटी करा, अल्कोहोलने पुसा, रेझिनचे थेंब सभोवतालपेक्षा किंचित वर येतील असे भरा आणि दोन दिवसांनी घासून समपातळीत आणून वर पॉलीयुरेथेन लावा. नाणंच सुटून वाजत असेल तर त्याच्या कडेला १ मिमीची दोन भोकं पाडा आणि सिरिंजने एका भोकातून पातळ रेझिन सोडा, दुसऱ्यातून ते वर आलं की थांबा. या दुरुस्तीसाठी पन्नासेक निवडक नाणी आणि उरलेलं रेझिन डबे घट्ट बंद करून सावलीत ठेवून द्या.